हलगी कुणाच्या नावावर?

फंक नावाचं काही संगीत असतं हे मला साठी उलटल्यावर कळलं, आणि तेही एका फॉर्ममुळं. माझा भाचा आणि त्याचे तिघे मित्र कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका फ्लॅटच्या मागच्या खोलीत गाणी करतात. एक बेस गिटार वाजवतो, एक ड्रम, एकजण कायम कॉम्प्युटरपुढं, आणि भाचा गातो. त्यांचं एक गाणं तयार झालं होतं आणि ते 'सिंगल' म्हणून सोडायचं होतं. सोडायचं म्हणजे मोबाईलवर गाणी ऐकवणाऱ्या सगळ्या कंपन्यांकडं एकदम पाठवायचं. ते काम करणारे वितरक असतात आणि त्यांचा ऑनलाइन फॉर्म असतो. पोरांना फॉर्मचा कंटाळा. मी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात नोकरी काढलेली. "आत्या, तुझ्याच लाईनीतलं काम आहे, बघ की जरा," म्हणत भाच्यानं लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला.

गाण्याचं नाव, भाषा, गायक. इथवर ठीक होतं. पुढं विचारलं होतं: हे ध्वनिमुद्रण मूळ आहे, कव्हर आहे की रीमिक्स? यात सॅम्पल आहे का? असल्यास परवानगीचा कागद जोडा. मग गीतकार, संगीतकार, निर्माता, वादक असे वेगवेगळे रकाने. गोलातला सी आणि गोलातला पी अशा दोन खुणा, दोन्हींपुढं मालकाचं नाव. शिवाय आयएसआरसी नावाचा बारा अक्षरी क्रमांक. हे सगळं चारदा भरायचं होतं, कारण सिंगलमध्ये गाणी चार होती: मूळ, बिनशब्दांचं, लांबवलेलं आणि 'हलगी मिक्स'. एक म्हणायचं आणि आत चार ठेवायची, हा हिशेब मला आजही पटलेला नाही. पण नियम तसाच आहे. चाल एकच असली तरी ध्वनिमुद्रण वेगळं झालं की त्याला वेगळा क्रमांक. नुसतं छोटं करून रेडिओसाठी दिलं तरी वेगळा.

मी म्हटलं, आधी मला ऐकवा तरी काय भरायचंय ते.

माझे कान देवल क्लबच्या बैठकांत तयार झालेले. १८८३ पासून चाललेली ही संस्था; आमच्या घरात तिथल्या मैफिली म्हणजे सणवार. तिथं बंदिश मांडली जाते, ती उलगडत जाते, वाट बघायला लावते. पोरांच्या गाण्यात मी अशीच वाट बघत बसले आणि गाणं सुरू होण्याआधीच संपलं. बेस एकच तुकडा घोळवत होता. गिटारच्या दाबून धरलेल्या तारा नुसती चकचक काढत होत्या. शब्द म्हणाल तर दोन ओळी. "चाल कुठं आहे रे?" मी विचारलं. ड्रमवाला हसला. म्हणाला, "काकू, चाल शोधू नका. पहिला ठोका धरा फक्त. फंकवाला जेम्स ब्राउन आपल्या वादकांना हेच सांगायचा, बाकी काय वाट्टेल ते वाजवा, पहिल्यावर सगळे एकत्र या." म्हणजे समेवर यायचं, एवढंच. फरक इतकाच की आमचा गवई सम टाळून गावभर हिंडून येतो आणि इथं दर चार मात्रांनी सगळे घरी हजर. असं ऐकल्यावर मला ते ऐकू यायला लागलं. डोकं अजून तयार नव्हतं, पण पाय हलू लागला होता.

पाय हलत होता तो मात्र बेसवर नव्हे. मधे एके ठिकाणी सगळी वाद्यं थांबत आणि एकटी हलगी वाजे. साताठ सेकंद. मग पुन्हा सगळे.

"ही कुणी वाजवली?"

"सॅम्पल आहे, आत्या. नेटवरनं घेतलीया. फुकट असते."

फुकट हा शब्द ऐकला की मला दुसरं पान उलटायची सवय आहे. हा तुकडा हलगीच्या अशाच अनेक तुकड्यांच्या एका गठ्ठ्यातला होता. त्याच्या अटींत लिहिलं होतं की कुणीही वापरा, पैसे नकोत. वाजवणाऱ्याचं नाव कुठंच नव्हतं. कॉम्प्युटरवाल्यानं शोधलं तर हाच तुकडा आणखी कितीतरी गाण्यांत निघाला. अडचण इथंच होती. वितरक आणि व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपन्यांकडं यंत्रं असतात. ती आवाजाचा ठसा घेतात आणि आधी नोंदलेल्या गाण्यांशी पडताळतात. तुमच्याआधी कुणी हा फुकटचा तुकडा आपल्या गाण्यात घालून आपल्या नावावर नोंदवला असेल, तर तुमच्या गाण्यावर त्याचा दावा लागतो. तुकडा दोघांचाही नसतो, पण भांडण दोघांत लागतं. अशी प्रकरणं मी बँकेत पुष्कळ पाहिली आहेत, तिथं फक्त जमिनी असायच्या.

म्हणून मग ठरलं की हलगी खरी, समोर बसवून मुद्रित करायची. पण त्याआधी मला हे सॅम्पल प्रकरण नीट समजून घ्यायचं होतं. भाच्यानं मला जेम्स ब्राउनचं 'फंकी ड्रमर' लावून दिलं आणि तो जेवायला गेला.

हे गाणं २० नोव्हेंबर १९६९ रोजी अमेरिकेत सिनसिनाटीला मुद्रित झालं आणि १९७० मध्ये सिंगल म्हणून आलं. छोट्या तबकडीच्या एका बाजूला ते मावेना, म्हणून भाग एक आणि भाग दोन असं दोन्ही बाजूंना वाटून टाकलं. त्यात एके जागी ब्राउन बाकीच्यांना थांबवतो आणि क्लाईड स्टबलफील्ड हा ड्रमवादक एकटा वाजवत राहतो. वीसेक सेकंद. तेव्हा ते कुणाच्या फारसं ध्यानात आलं नाही. १९८६ मध्ये ब्राउनच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा एक संग्रह निघाला, त्यात हे गाणं लांब स्वरूपात आलं. नेमक्या त्याच सुमारास आवाजाचा तुकडा टिपून पुन्हा पुन्हा वाजवणारी यंत्रं पोरांच्या हातात पडत होती. त्यातलं १९८७ चं एसपी-१२०० हे यंत्र तर फक्त दहा सेकंदांचा आवाज साठवू शकायचं. मग पोरं ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ वर पळवून तुकडा भरत आणि आत गेल्यावर त्याची गती उतरवत. त्यात आवाज जरा खरखरीत व्हायचा, तोच लोकांना आवडला. स्टबलफील्डची ती वीस सेकंदं शेकडो गाण्यांच्या तळाशी जाऊन बसली. पब्लिक एनिमी या गटाचं 'फाईट द पॉवर' त्यावर उभं आहे.

स्टबलफील्डला यातलं काय मिळालं? त्या दिवशीच्या वादनाची बिदागी. गाण्याचा कर्ता म्हणून नाव ब्राउनचं, ध्वनिमुद्रणाची मालकी कंपनीची. पुढं परवानग्या घ्यायची पद्धत रूढ झाली तेव्हाही पैसे त्या दोन रकान्यांत गेले. ड्रमवाल्याचा रकानाच नव्हता. २०१७ मध्ये तो गेला.

'फंकी ड्रमर' मुद्रित झालं त्याच वर्षी, १९६९ मध्ये, विन्स्टन्स नावाच्या गटानं एक सिंगल काढला. त्याच्या मागच्या बाजूला जागा भरायला म्हणून 'आमेन, ब्रदर' हे गाणं टाकलं. त्यातला ग्रेगरी कोलमनचा चार आवर्तनांचा ड्रमचा तुकडा पुढं हजारो गाण्यांत गेला. इंग्लंडात त्यावर नाचाच्या संगीताचा एक अख्खा प्रकार उभा राहिला. कोलमन २००६ मध्ये हलाखीत वारला. २०१५ मध्ये इंग्लंडातल्या चाहत्यांनी वर्गणी काढून २४,००० पौंड जमवले, ते गटाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सरला मिळाले. मी हे वाचून भाच्याला म्हटलं, गाण्याचा पाया ज्यानं घातला त्याला वर्गणीची वाट बघावी लागते, असला कसला व्यवहार? तो म्हणाला, "आत्या, म्हणून तर तुला बसवलंय."

रीमिक्सबद्दल मात्र मला वाटत होतं की ते आपल्याला माहीत आहे. २००२ साली 'कांटा लगा'नं उच्छाद मांडला होता तो कोण विसरेल? मूळ गाणं १९७२ च्या 'समाधी'तलं, आर. डी. बर्मन यांची चाल, लताबाईंचा आवाज. आमच्या बँकेत तेव्हा या विषयावर रोज डब्याच्या वेळी वाद व्हायचे. मात्र ही सगळी रीमिक्स नव्या मुलींकडूनच का गाऊन घेत, लताबाईंचाच आवाज का ठेवत नसत, हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला पडला नव्हता. त्याचं उत्तर मला आता, या फॉर्मपायी कायदा वाचताना मिळालं. तेव्हाच्या कायद्यानं मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षं उलटली की नोटीस देऊन, रॉयल्टी भरून तेच गाणं नव्यानं गाऊन घ्यायची मुभा होती. मूळ ध्वनिमुद्रण उचलायची मुभा नव्हती. म्हणजे ज्याला आपण रीमिक्स म्हणत होतो ते खरं तर कव्हर होतं, वर ढोलकी-ड्रम चढवलेलं. २०१२ च्या दुरुस्तीनं दोनची पाच वर्षं केली, निदान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायला लावली आणि तांत्रिक गरजेपलीकडं गाण्यात फेरफार करायला बंदी घातली. डब्याच्या वेळचे निम्मे वाद मला आता नव्यानं घालावेसे वाटतात, पण मंडळी पांगली.

परदेशात गोष्ट उलटी. तिथल्या लोकांनी नवी गायिका शोधायची तसदी घेतली नाही, थेट आपल्या बायकांचे आवाज कापून घेतले. 'ज्योती' या १९८१ च्या चित्रपटातलं बप्पी लाहिरींचं 'थोडा रेशम लगता है' २००२ मध्ये 'ॲडिक्टिव्ह' या अमेरिकन गाण्याखाली सापडलं, लताबाईंच्या आवाजासकट. प्रकरण तिथल्या कोर्टात गेलं आणि लाहिरींचं नाव छापल्याशिवाय विक्री करू नका असा आदेश निघाला. २००५ चं ब्लॅक आइड पीज या अमेरिकन गटाचं गाणं तर नावातच फंक घेऊन आलं, 'डोन्ट फंक विथ माय हार्ट'. त्यात कल्याणजी-आनंदजींची दोन गाणी आहेत, 'अपराध'मधलं 'ऐ नौजवान' आणि 'डॉन'मधलं 'ये मेरा दिल'. दोन्ही आशाबाईंची. त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं.

आणि आशाबाईंच्या नावावरच गाणं करणारा इंग्लंडातला कॉर्नरशॉप हा गट. त्यांचं 'ब्रिमफुल ऑफ आशा' १९९७ मध्ये आलं आणि तिथल्या यादीत साठाव्या क्रमांकापर्यंत जाऊन परतलं. मग नॉर्मन कुक या डीजेनं त्याची लय वाढवली, सूर वर चढवला, खाली दणकट ठेका दिला, आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये तेच गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. शब्द तेच, गायक तोच. रीमिक्स म्हणजे काय हे मला कुणी एका वाक्यात विचारलं तर मी आता हा साठ आणि एकचा हिशेब सांगते.

यात कोल्हापूरचा संबंध काय, असं कुणी म्हणेल. आशाबाईंनी चित्रपटात पहिलं गाणं गायलं ते १९४३ च्या 'माझं बाळ'मध्ये. चित्रपट मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्सचा आणि ही कंपनी तेव्हा आमच्या कोल्हापुरात होती. दीनानाथ गेल्यावर मंगेशकर भावंडं तिच्या आधारानं उभी राहिली. आशाबाई तेव्हा जेमतेम दहा वर्षांच्या. पोरांना मी हे सांगितलं तर ती सॅम्पल घ्यायलाच निघाली. "ऐंशी वर्षं झाली की! आता कुणाचा हक्क?"

इथं मला माझी जुनी खुर्ची आठवली. गाणं हे सातबाऱ्यासारखं वाचावं लागतं. एक हक्क ध्वनिमुद्रणाचा; तो प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. म्हणजे १९४३ ची तबकडी त्या हिशेबानं कधीच मोकळी झाली. पण चालीचा हक्क वेगळा आणि शब्दांचा आणखी वेगळा, आणि ते कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात. त्या गाण्याचे संगीतकार दत्ता डावजेकर २००७ मध्ये गेले. म्हणजे २०६७ संपेपर्यंत चाल राखीव. तबकडी मोकळी, चाल बांधलेली. फॉर्मवरच्या त्या दोन गोल खुणांचा उलगडाही इथंच झाला: पी म्हणजे ध्वनिमुद्रणाचा मालक, सीच्या रकान्यात मुखपृष्ठाच्या चित्रापासून शब्दांपर्यंतची बाकीची मालकी. आणि सॅम्पल म्हणजे सातबाऱ्यातल्या 'इतर हक्क' या रकान्यातली नोंद. ती न बघता जमीन घेणारे आमच्याकडं नेहमी रडत यायचे.

पोरांनी आशाबाईंचा नाद सोडला आणि आम्ही हलगीवाल्याकडं वळलो.

करवीर तालुक्यातल्या एका गावचे हे कलावंत; पोरं त्यांना दादा म्हणत. खासबागेत कुस्तीचं मैदान असो की जोतिबाची यात्रा, त्यांचा ताफा असतोच: हलगी, घुमकं, कैताळ. पोरांना फक्त हलगी हवी होती. ते आले ते दिवस श्रावणातले, बाहेर रिपरिप, आणि ओलसर हवेत हलगीचं कातडं सैल पडतं. ते ताणायला हलगी जाळावर शेकावी लागते. फ्लॅटच्या चौथ्या मजल्यावर जाळ कुठं करणार? मग खाली पार्किंगमध्ये वर्तमानपत्रं पेटवली. वॉचमन धावत आला, दोन बिऱ्हाडं खिडकीत आली. हलगी तापवून लिफ्टनं वर आणायची, दार लावायचं, मुद्रण सुरू करायचं. थोड्या वेळानं आवाज बसायला लागला की पुन्हा खाली. कॉम्प्युटरवाला कपाळाला हात लावून बसला होता, कारण प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीची हलगी आणि शेवटची हलगी सुरात जुळत नव्हती. शिवाय पहिल्याच ठोक्याला त्याच्या पडद्यावरच्या सगळ्या रेघा लाल झाल्या. माइक भिंतीपर्यंत मागं नेला तेव्हा कुठं आवाज मावला.

पण खरी पंचाईत लयीची. यांचं गाणं मिनिटाला शंभर ठोक्यांवर बांधलेलं. पडद्यावर सारख्या अंतराच्या उभ्या रेघा आणि प्रत्येक ठोका रेघेवर पडायला हवा. दादांच्या कानात आकडे मोजणारं यंत्र घातलं. सुरुवातीला ते त्याच्याबरोबर राहिले, मग हळूच पुढं निघाले, मग यंत्र मागं पडलं आणि ते आपले रंगात. पोरांनी थांबवलं. "दादा, पुढं जायलाय तुम्ही." ते म्हणाले, "मग? माणूस नाचाय लागला की हलगी चढतीच की. एकाच जागी कशी थांबंल?" शिवाय त्यांचा हात सहाच्या वजनावर जात होता आणि गाणं चारचं. कॉम्प्युटरवाला म्हणाला, नंतर कापून रेघांवर बसवू. बसवलंही. ऐकलं तर हलगी होती, पण कुणी इस्त्री केलेली.

तेव्हा ड्रमवाल्याला सुचलं ते मला फार आवडलं. त्यानं यंत्र बंद केलं आणि तो स्वतः दादांसमोर ड्रम घेऊन बसला. दोघं एकमेकांकडं बघत वाजवू लागले. आणि मग मला दिसलं की दादांच्या एका हातातली आखूड काठी ठोके देते, आणि दुसऱ्या हातातली लांब बारीक काडी त्या ठोक्यांच्या मधे हलकेच काहीतरी कुजबुजत असते. ऐकू येईल न येईल असं. ड्रमवाला ओरडला, "हेच! स्टबलफील्ड हेच करतो, मधले बारीक ठोके!" फंकच्या ड्रमची सगळी मजा म्हणे त्या दबक्या ठोक्यांत असते, मोठे ठोके कुणीही देईल. त्या दिवशी जे मुद्रित झालं ते पोरांनी फार कापलं नाही. लय थोडी चढते. गाण्यातला जिवंत भाग तोच आहे, असं माझं मत आहे, आणि पोरंही आता तेच म्हणतात.

वादन संपल्यावर मी कागद काढला आणि दादांना नाव विचारलं. ते म्हणाले, "ताई, नावाचं काय करायचंय? रोख द्या, झालं." हे ऐकून मी गप्प झाले, कारण बोलण्यात कडवटपणा नव्हता, सवय होती. मातंग समाजातल्या कलावंतांनी ही हलगी पिढ्यान्‌पिढ्या वाजवली आणि जपली. लग्न असो, जत्रा असो, पैलवानाची मिरवणूक असो, गावानं त्यांना बोलावलं, वाजवून घेतलं आणि बाहेरच उभं ठेवलं. पत्रिकेत बँडचं नाव येतं, हलगीवाल्याचं येत नाही. स्टबलफील्डच्या रंगाचा आणि त्याच्या रिकाम्या रकान्याचा जसा संबंध आहे, तसाच इथं जातीचा आहे. फुकटच्या गठ्ठ्यात वादकाचं नाव नसणं हा काही निष्काळजीपणा नव्हे, ती जुनीच रीत कॉम्प्युटरवर आली आहे.

कायदा मात्र या बाबतीत बराच पुढं आहे, हे मला वाचून आश्चर्य वाटलं. कॉपीराइट कायद्याचं कलम ३८ वादकालाही हक्क देतं, वादनानंतर ५० वर्षं. २०१२ मध्ये आलेलं ३८-ब सांगतं की वादक म्हणून आपली ओळख दिली जावी हा त्याचा हक्क आहे, वापराच्या पद्धतीमुळं नाव देणं अशक्य असेल तेवढा अपवाद सोडून. परंपरेनं आलेला ठेका कुणा एकाचा नसतो हे खरं, पण त्या दुपारी त्या हातांनी वाजवलेला तो ठेका त्यांचाच. मी ५०० रुपयांचा मुद्रांक आणला (शंभराचा आता चालत नाही) आणि करार लिहिला: कोणतं वादन, कशासाठी, किती मुदत, कुठं कुठं, किती वाटा, रीमिक्स झाल्यास काय. पोरं आधी कुरकुरली. चौघांत वाटायचं ते पाचात वाटायचं, आणि मुळात वाटायला असतं ते चहापुरतं. मी म्हटलं, चहा तर चहा, पाच कप करा. वादकाच्या रकान्यात दादांचं पूर्ण नाव गेलं. फॉर्मनं ते काही खळखळ न करता घेतलं.

राहिलं हलगी मिक्स. ते करणार होता आमच्याच पेठेतला एक डीजे. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीवर वाजतात ती मिक्स तो करतो. महाद्वार रोडवरून पापाच्या तिकटीकडं मिरवणूक सरकते तेव्हा माझ्या घराच्या काचा थरथरतात. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा मी दरवर्षी मंडळाच्या पोरांना ऐकवते आणि ती दरवर्षी मान डोलावतात. आता त्याच डॉल्बीच्या गाण्याचे कागद माझ्या हातात. डीजेला पोरांनी गाण्याचे सुटे भाग दिले, आवाज वेगळा, बेस वेगळा, हलगी वेगळी. या भागांना स्टेम म्हणतात. त्यानं लय वाढवली, हलगी दुप्पट केली, खाली छातीत बसणारा बेस घातला. आणि अर्ध्या अर्ध्या मिनिटाला एक भारदस्त आवाज त्याचं स्वतःचं नाव पुकारतो.

मी विचारलं, "तुझं एवढ्या वेळा आणि हलगीवाल्याचं एकदाही नाही?"

"काकू, नाव घेतल्याशिवाय पुढल्या मंडळाची ऑर्डर येत नाही."

हे उत्तर मला पटलं. कायद्याची सगळी कलमं वाचून जे कळलं नव्हतं ते त्यानं एका वाक्यात सांगितलं. नाव हा मान वगैरे नंतर. आधी तो धंदा आहे. म्हणून म्हटलं, मग दादांनाही ऑर्डरी येऊ देत. त्यानं त्याच भारदस्त आवाजात, हलगी एकटी वाजते त्याच्या आधी, दादांचं नाव आणि गाव घातलं. दादांना फोनवर ऐकवलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, नावाबरोबर फोन नंबर पण टाकता येतोय काय बघा की."

फोन नंबर काही गाण्यात टाकता आला नाही, वर्णनाच्या रकान्यात टाकला.

गणपती जवळ आले की कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीकडं घराघरांत हलगी मिक्सची धांदल सुरू होते. ती करणाऱ्या पोरांना माझं सांगणं एवढंच: हलगी नेटवरून उचलू नका; वाजवणारे दोन-चार कोसांवर आहेत, त्यांना बोलवा. आणि बोलावलंत की गाणं बाहेर पडायच्या आधी साध्या मराठीत कागद करा. त्यात त्यांचं पूर्ण नाव, वाटा, मुदत आणि प्रदेश न विसरता लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं; तुमचं गाणं मात्र पहिल्याच दिवशी दुबईत वाजत असतं.